इंटरनेटवरच्या झिंग्यांचे हिस्से

नाई नाई, तिथी नका बसू मास्तर, त्या बाजेवर झिंगे वाळू घातले आहेत – एकडाव पँटीले लागले का चंद्रपूरपावतर यष्टीत तुमच्या बाजूले कोनी बसनार नाई. इकडं या, सावलीत. हाव, हेच घर भाग्यश्रीचं, मी तिचा आजा, मनसाराम. तुमी तेच ना, कालेजातले, प्रोजेक्टवाले? मंग बरोबर आले. भागी पोंभुर्ण्याले गेली, तुमाले दाखवाचे कागदं छापून आनाले, येईनच आता, तळ्याच्या पाळीवरून, त्या बांधावरून येते, इथूनच दिसन. मले सांगून गेली – आबाजी, सर आले तर पानी द्या, सावलीत बसवा अन् जास्त बोलू नका. तर पानी दिलं. सावली आहे. तिसरं आपल्याच्यानं होत नाई, आंगनात मानूस बसला असताना मुकं राह्याले मी काय खुटा आहो? अन् मास्तर म्हनतो म्हनून राग नका मानू, ती म्हनते सर म्हना, पन माझ्या तोंडात ते बसत नाई.

मले ठाऊक आहे तुमी कायले आले. भागीनं सांगतलं सगळं – म्हंजे सांगतलं नाई, रडता रडता निघालं. तिच्या प्रोजेक्टात लिहिलं आहे का इंटरनेटवर लिलाव लावला, एक किलो झिंगे विकले, एकाच गिऱ्हाइकाले. अन् खाली, ती जागा असते ना, घेनाऱ्यानं दोन ओळी लिहाची, तिथी पाच जनांनी लिहिलं का माल मिळाला. तुमी म्हनले, विकला एकाले, मिळाला पाचायले, हे कसं? म्हंजे चार नावं पोरीनं मनानंच लिहिली. असंच म्हनले ना? अन् तसं असन तर शून्य. शून्य म्हंजे साल गेलं, साल गेलं म्हंजे नागपूरची ती नोकरी गेली, कॉम्प्युटरवर दुकान चालवतात ते लोक, त्यायनं सांगून ठेवलं आहे का पास झाली का ये. तवापासून पोट्टी धड जेवत नाई, तिच्या पायी माझी बुढी जेवत नाई, अन् बुढी जेवत नाई म्हनून मले कोनी वाढत नाई. म्हनून म्हनतो, चौकशी माझ्यापाशीच करा. त्या पाच जनांचं जे काही झालं ते मी केलं. पोरीचा हात नाई त्याच्यात. कसं झालं ते सांगतो – म्हंजे जेवढं सांगाचं तेवढं सांगतो.

पन पहिले मले हे सांगा, तुमी शिकवता तरी काय त्या कालेजात? नाई, रागानं नाई विचारत. दिवाळीत आली अन् चुलीपाशी बसून आमालेच शिकवाले लागली. म्हने आबाजी, आता दुकानच नाई राहनार. म्हनलं दुकान नाई तर गिऱ्हाईक येईन कुठी? म्हने ते येतच नाई, ते त्याच्या घरी बसते, आपन आपल्या घरी बसतो. माल आपल्यापाशी, पैसा त्याच्यापाशी, अन् मधात एक साइट. ती साइट काय करते? काहीच नाई करत, दोघायले भेटवते अन् आपला वाटा कापून घेते. मी म्हनलं, हे तर सोयरीक जुळवनाऱ्या बुवासारखं झालं, पोरगी पाह्यली का पहिले जेवन त्याचं. म्हने बरोबर आबाजी, हेच मॉडल. मी आपली चेष्टा केली अन् तिनं कागदावर उतरवून घेतलं. तुमी वाचलं असन, दुसऱ्या का तिसऱ्या पानावर आहे म्हने. त्याले मार्क किती दिले? – बरं, नका सांगू.

अन् भरोसा. रोज उठून भरोसा. म्हने इंटरनेटचा सगळा धंदा भरोशावर. म्हनलं ज्याचं तोंड दिसत नाई, ज्याचं गाव ठाऊक नाई, ज्याच्या मामाले आपन ओळखत नाई, त्याचा भरोसा? म्हने म्हनूनच खाली लिहाची जागा ठेवली आहे, एकानं घेतलं का तो लिहिते माल कसा होता, दुसरा ते वाचते अन् मंग घेते. म्हनलं असं सांग ना, विहिरीवर बाया बोलतात ते. तेही लिहून घेतलं तिनं. मी म्हनलं, आता काही बोलतच नाई, नाईतर ही पास होईन अन् मी आपला जाळं सांधत बसीन.

मंग म्हने प्रोजेक्टसाठी खराखुरा माल विकाचा आहे, नुसतं लिहून चालत नाई. आमच्यापाशी विकाले काय? तळं अन् तळ्यातलं. मासोळी पाठवली तर पुन्याले पोचेपावतर तीच उठून चालाले लागन. तर झिंगे. सुके. आमच्या बुढीसारखे झिंगे या भागात कोनी वाळवत नाई, हे मी नवरा म्हनून नाई सांगत, नवरा म्हनून माझ्यापाशी सांगाले दुसरंच आहे. फोटो काढाचा म्हनून बुढीनं नवं लुगडं नेसलं, केसाले तेल, कपाळाले एवढं कुंकू, अन् सूप हातात धरून उभी राह्यली – जशी का पोरीची पाठवनी आहे. भागीनं फोटो काढला अन् साइटवर टाकताना बुढीचं तोंड कापलं, हात तेवढा राह्यला, बांगड्या अन् झिंगे. म्हने मालाचा फोटो पाह्यजे, मानसाचा नाई. बुढी अजून त्या इंटरनेटचं नाव घेत नाई. घेतलं तर पुढं काहीतरी जोडते.

मंग मालाबद्दल लिहाचं आलं. मी म्हनलं यात इचार कायचा, लिही – झिंगे आहेत, वाळवले आहेत, वास येते. म्हने आबाजी, वास येते असं नाई लिहीत. काऊन? येत नाई काय? म्हने 'पारंपरिक सुगंध' लिहिते. म्हनलं, सुगंध वाचून घेईन अन् पुडा उघडल्यावर आपल्याले मारीन तो. दिवे लागेपावतर आमचा हाच वाद. शेवटी तिनं लिहिलं 'खास वास'. तिले पटलं नाई, मले पटलं नाई, तवा दोघं जेवाले उठलो.

लिलाव आठवडाभर उघडा. ज्याले पाह्यजे त्यानं घरी बसून बोली लावाची, शेवटी ज्याची मोठी त्याचा माल. अन् बोली लावाच्या पहिले लोक काय काय विचारतात, बापरे. पुन्याची एक बाई. तळं कोन्तं, पानी स्वच्छ आहे काय, तळ्यात जनावरं उतरतात काय. म्हनलं लिही का दुपारी म्हशी बसतात, नाई बसल्या तर त्याचीच बातमी होईन. भागीनं लिहिलं 'नैसर्गिक तलाव'. एक बंगलोरचा, त्याले एक्स्पायरी पाह्यजे. म्हनलं झिंगा मेला त्या दिवशीच एक्स्पायर झाला, आता आनिक कितीकदा होईन? हे मात्र तिनं लिहून नाई घेतलं.

विचारनारे एवढे, पन बोली लावनारा एक नाई. भागी रोज मूलले जाये, मिथुनच्या नेट कॅफेत पाह्याले, अन् सांजच्याला पाळीवरून येताना तिची चालच सांगे. विचारलं तर म्हने, आबाजी, पाहनारे लय आहेत, बोलनारा नाई. मास्तर, ही पोरगी आमच्यापाशी वाढली. बाप तिचा बल्लारपूरले मिलमधी, मायही तिकडंच, हिले शाळा होती म्हनून इथी राह्यली अन् इथलीच झाली. लहानपनी जाळ्यात काही नाई आलं तर हीच मले समजवे – आबाजी, उद्या येईन. अन् आता हीच भितीकडं तोंड करून झोपे, अन् मले समजवता नाई ये. मी काय सांगू, उद्या इंटरनेटमधी येईन?

पन असं आहे, पहिलं तोंड कोनीच उघडत नाई. हे मले साइट न पाह्यताच ठाऊक होतं. पाळीवर मासोळीचा लिलाव होते तवा पाहा तुमी, सगळे व्यापारी बिडी पेटवतात अन् आभाळाकडं पाह्यतात, जसं का ढगं घ्याले आले. मंग आपलाच एक मानूस गर्दीत उभा करा लागते. तो पहिला बोलते. त्याले घ्याचं नसते, तो नुसती बोली उघडते, अन् तो बोलला का बाकीचे बिड्या टाकून पुढं सरकतात, माल जाऊन राह्यला म्हनून. आमच्या मच्छीमार सोसायटीत ते काम सुकलूचं. गळा मोठा आहे अन् तोंड निष्पाप आहे, दोन्ही एका मानसात सापडत नाई – पन ते पाळीवरचं झालं. इंटरनेटवरचं वेगळं. मी आपलं बोलता बोलता सांगतलं.

तर काय झालं, एक दिवस लागली बोली. कोनीतरी राजा म्हनून होता. मूलकडचा. कोन का असेना, आपल्याले काय. भागीनं तिथूनच किरान्याच्या दुकानात फोन केला, दुकानदार मले बोलवाले आला, मी जाळं टाकून पळालो, वाटलं कोनी गेलं का काय. अन् फोनमधी ही हासून राह्यली का रडून राह्यली तेच समजेना. म्हने आबाजी, एक जन बोलला. अख्ख्या दुनियेतून एक जन बोलला आपल्या झिंग्यावर. मी म्हनलं, बरं. दुसरं काय म्हनाव? दुकानदार कान देऊन होता. त्या दिवशी पाळीवरून आली ते पाहाले पाह्यजे होतं तुमी, पायात काही वाजत नव्हतं तरी वाजत येऊन राह्यली होती. अन् मंग लागलेच ना बाकीचे. दुसऱ्या दिवशी पुन्याची बाई. तिच्यावर बंगलोरचा. मंग नाशिकचा एक, भिलाईचा एक, दिल्लीचा एक. मिथुन तर म्हने, काका, अशी गर्दी माझ्या कॅफेतही नाई होत, अन् त्याच्या कॅफेत मी पाह्यलं आहे ना, चार खुर्च्या, त्यातली एक हालते – हाव, गेलतो एकडाव. धागा आनाले गेलतो मूलले, पाय दुखले म्हनून टेकलो. मानसानं टेकू नाई काय?

शेवटी बंद झाला लिलाव. पुन्याच्या बाईची मोठी, माल बाईचा. भागीनं पेढे आनले. अन् मी विचारलं, बाकीच्यायचं काय? म्हने काय म्हंजे? म्हनलं ते आठवडाभर पाळीवर उभे होते, त्यायचा हिस्सा? हासली अन् गेली झोपाले, दुसऱ्या दिवशी चंद्रपूरले गेली परीक्षेच्या कामाले. माल बांधून पोष्टात टाकाचं माझ्यावर सोपवलं.

आता तुमाले आमच्या तळ्याचं सांगतो, त्याच्याबिगर तुमाले हे समजनार नाई. तळं अख्ख्या सोसायटीचं. विकाची मासोळी वेगळी, अन् घरी खाची जी निघते तिचे पाळीवर ढीग घालतो, जेवढे लोक तेवढे. जाळ्याच्या दोराले ज्यानं हात लावला त्याचा पुरा हिस्सा धरला जाते. एकडाव एक बांगड्यावाला रस्त्यानं जाऊन राह्यला होता, त्यानं गम्मत म्हनून दोर ओढला, त्यालेही हिस्सा दिला, घे म्हनलं, बांगड्यायच्या पेटीत टाकून ने. मंग कोन्ता ढीग कोनाचा? ते कोनी नाई ठरवत. प्रत्येकानं एक चीज द्याची – कोनी चिंचोका, कोनी बटन, कोनी बिडीचं थोटूक. एक जन ते सगळं मुठीत घेते, पाठ फिरवते, अन् न पाह्यता एकेका ढिगावर टाकते. चिंचोका पडला तो चिंचोक्याचा. मोठी मासोळी आली तर तुमचं, लहान आली तर तुमचंच. याच्यावरून आजवर भांडन नाई झालं. म्हंजे बाकी सगळ्यावरून होते, याच्यावरून नाई.

तर मी तेच केलं. हासता काय? बुढीलेही सांगतलं तर तीही अशीच पाहाले लागली. किलोभर झिंगे पसरले अन् ढीग घातले. पुन्याची बाई म्हंजे चिंचोका, एकसारखी विचारत होती, गुळगुळीत. बंगलोरवाल्याले बटन. नाशिकवाल्याले द्राक्ष पाह्यजे होतं, आमच्या इथी कुठी, म्हनून बोर. भिलाईवाल्याले लोखंड आहे तिकडं म्हनून खिळा. दिल्लीवाल्याले बिडीचं थोटूक. बुढीले पाठ फिरवून बसवलं अन् टाकाले लावलं. बाईच्या वाट्याले लहान झिंगे आले. आता ते तिचं नशीब, बुढीनं थोडंच पाह्यलं.

पन यायचे पत्ते कोनाले ठाऊक? गेलो मिथुनकडं. दुसऱ्यांदा, हाव. भागीचं साइटवरचं कुलूप त्या मशिनीत उघडंच राह्यते म्हने. म्हनलं सगळ्यायले लिही का तुमचा हिस्सा निघाला आहे, घरचा पत्ता कळवा. मिथुन म्हने काका, असं कोनी करत नाई. म्हनलं तू लिही, करनारा मी आहो. अन् आले मास्तर पत्ते, चौघांचे आले. दिल्लीवाल्यानं शिव्या पाठवल्या, म्हने तुमच्यासारखे ठग रोज पाह्यतो. त्याचा हिस्सा बुढीनं वांग्यात टाकला, बरा झाला होता.

पोष्टात गेलो तर पोष्टमास्तर नाकाले रुमाल लावून विचारते, यात काय आहे? म्हनलं झिंगे. म्हने न्या. दुसऱ्या दिवशी बुढी गेली. तिनं कापडात घट्ट शिवले, वरून कडुनिंबाचा पाला बांधला, अन् म्हने औषध आहे. कायचं औषध, त्यानं विचारलं. म्हने बाळंतिनीचं. मंग तो कायले विचारते पुढं. पन पोष्टातली मांजर बुढीच्या मांगं मांगं घरापावतर आली, ती पाहा, त्या छपराच्या कवेलूवर बसली आहे. तवाची इथीच आहे, परत जात नाई.

हे असं झालं. म्हनून पाच जनांनी लिहिलं. अन् लिहिलं काय ते तर तुमी वाचलं ना – पुन्याच्या बाईनं लिहिलं, माल मिळाला पन लय कमी मिळाला, अन् सोबत चिंचोका कायले पाठवला? तो मीच ठेवला, तिच्या हिश्श्याची वळख म्हनून. आता तुमीच इचार करा, भागीले मनानं नावं लिहाची असती तर तिनं स्वतःलेच असं लिहून घेतलं असतं काय? घरी आली तवा ते वाचून आली होती. तशी पोरगी मले कधी वर तोंड करून बोलली नाई, त्या दिवशी बोलली. म्हने आबाजी, जास्त बोली त्याचा अख्खा माल, बाकीच्यायचा हिस्सा नसते. म्हनलं मंग ते बिचारे आठवडाभर उभे कायले राह्यले? म्हने ते उभे नव्हते, ते आपापल्या घरी बसून होते. बसून होते हे मी धरलंच नव्हतं. मंग बुढीनं पावसाळ्यासाठी ठेवलेले झिंगे काढले, बाईले पूर्ण किलो गेला, बाईनं मंग चांगलं लिहिलं. अन् भागी हिशोब करत बसली, म्हने याच्यात नफा कुठी आहे? नव्हता. तुमी शोधला तरी नाई सापडनार. चुकलं माझं, पन चोरी नाई झाली. खोटं नाई झालं. त्या चौघायले जाऊन विचारा, झिंगे खाल्ले का नाई.

काय? – चौघं कसे, पाच लिहिले आहेत? बोटावर मोजा ना. पुन्याची बाई, बंगलोरवाला, नाशिकवाला, भिलाईवाला. चार. हाव, चार. पाचवा… अहो पाचवा म्हंजे सुकलू ना, त्याले कसं वगळता येईन, त्याच्याचपासून तर सुरवात –

पानी पाह्यजे काय आनिक? ऊन लय झालं.

पेन ठेवा मास्तर. ठेवा म्हनतो ना. बरं, ऐका मंग, अर्धवट ऐकून गेलेला मानूस जास्त वंगाळ. तो मूलचा राजा म्हंजे सुकलू. मीच नेलं त्याले. कॅफेत मिथुननं विचारलं नाव काय टाकू, तर हा म्हने राजा टाक. मिथुन म्हने बोली सांगा, तर सुकलू उभा राह्यला अन् पाळीवर ओरडते तसा त्या मशिनीच्या तोंडावर ओरडला. बाजूचा एक पोट्टा गेम खेळून राह्यला होता, तो खुर्चीसकट खाली गेला, ती हालनारी खुर्ची. मिथुन म्हने, काका, ओरडाचं नसते, दाबाचं असते. अन् दुसऱ्या दिवशी बाईची बोली आली हे ऐकून सुकलूले चेव चढला, म्हने हिच्यावर मी बोलतो, धोतर धरून बसवला मी त्याले. त्या कामाले दुसऱ्यांदा नाई गेलो म्हंजे नाई गेलो, झालं तिथीच. त्याचा हिस्सा म्हंजे एक मूठ, त्यानं त्याच सांजेले भाजून खाल्ली, अन् मंग मिथुनकडून लिहून घेतलं का माल मिळाला. मी त्याले सांगतलं नव्हतं लिही म्हनून. पन त्याचंही खरं आहे, मिळाला होता.

असं तोंड नका करू. तुमच्या पुस्तकात याले काही नाव असन, तुमच्या तोंडावरून दिसते का नाव चांगलं नाई. आमच्या इथी नाव नाई, कारन सगळ्यायले ठाऊक असते – पाळीवर व्यापाऱ्यायले दिसते ना सुकलू, ते हासतात, म्हनतात आला सोसायटीचा जावई. पन तिथी त्या बाईले सुकलू दिसत नव्हता. ते मले आता दिसून राह्यलं, तुमाले सांगता सांगता. तवा नाई दिसलं. तवा मले एकच दिसत होतं, पोरगी भितीकडं तोंड करून झोपते ते.

हे पाहा, करा तुमाले काय कराचं ते. पन कराचं तर मले नापास करा. नाव लिहून घ्या, मनसाराम. मी दुसरीत झालो आहो एकडाव, मले सवय आहे. तिनं काय केलं? तिनं लिलाव लावला, फोटो काढला, रोज चालत जाऊन पाह्यलं, खास वास लिहिलं. तिले तर हेही ठाऊक नाई का राजा कोन आहे. नाई, खरंच नाई. तिच्या प्रोजेक्टात एक पान त्या राजावरच आहे ना? पहिलं गिऱ्हाईक कसं तयार होते, अनोळखी मानसाचा भरोसा कसा बसते, तुमीच वाचलं असन. मले वाचून दाखवलं तिनं. मी ऐकत बसलो, सुकलूही बाजूले होता, तो डोळे पुसून राह्यला होता, म्हने माझ्यावर इतकं चांगलं आजवर कोनी नाई लिहिलं. मी त्याचा पाय दाबला तवा चूप बसला.

तर मास्तर, मार्क कापा. जेवढे तुमच्या कायद्यात बसतात तेवढे कापा, म्हशीचे कापा, चिंचोक्याचे कापा, पाचाचे चार लिहा. मी हुज्जत नाई घालनार, अन् मले वळखते त्याले विचारा, ही लहान गोष्ट नाई. पास तेवढी होऊ द्या. अन् नाईच होत असन तर नका करू, पुढच्या साली बसन, नागपूर काय पळून जात नाई. पन एक नका करू. तिले नका सांगू का पहिला जो बोलला तो सुकलू होता. दुसऱ्यापासून सगळे खरे होते ना? मंग एक राहू द्या. अख्ख्या दुनियेतून एक जन बोलला म्हने, फोनमधी. तुमी ऐकलं नाई ते, म्हनून तुमाले सोपं आहे.

विचार करून राह्यले का रागानं बसले आहा? – बरं.

ती पाहा. पाळीवर. डोक्यावर पिशवी धरली आहे ना, तीच. पळून राह्यली, तुमाले इथी बसलेलं पाह्यलं असन. आता पेन खिशात घाला जी. तोंड नीट करा, असं नाई, आनिक थोडं. अन् मले गप्प बसलेलं पाह्यलं तर तिले लगेच वहीम येईन, म्हनून मी बोलत राह्यतो – तर यंदा तळ्यात गाळ लय साचला मास्तर, उपसाले पाह्यजे, पन कोनी ऐकत नाई… तुमीही बोला ना काही. मघापासून मीच बोलून राह्यलो.